फोल्डरच्या नावातला श्री

॥ श्री ॥
मंगळवार, संध्याकाळ. लोहारा, भाड्याची खोली

चार दिवस वही उघडली नाही. उद्या लिहू, उद्या लिहू. खरं म्हणजे हरल्याचं लिहायला हात धजत नव्हता.

वजनकाट्याच्या कारखान्यात मी स्क्रू आवळतो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काट्याचा प्रोग्राम बुधवारी चालवून दाखव, तुला कॉम्प्युटरच्या कामावर बसवते. नाही तर स्क्रू आहेतच." प्रोग्राम लिहून झाला, पण तो मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एकच रट लावून बसला: फाइल सापडत नाही. तीनदा सेटिंग बदलली. मधेच चहाला गेलो, तर तिथं कॅरमच खेळत बसलो. असाच आहे मी. बाबा म्हणतात, "तुह्यानं एक तरी काम पुरं होते काय?" त्याच बोलण्यावर राळेगाव सोडून आलतो.

आज समजलं, गडबड फोल्डरात आहे. नव्या कामावर आधी श्री लिहायचा, ही बाबांनी लावलेली सवय. मी फोल्डरचं नावच '॥ श्री ॥' ठेवलेलं! या जुन्या कंपायलरला इंग्रजी सोडून दुसऱ्या अक्षरातला फाइलचा पत्ता वाचताच येत नाही. तरी श्री पुसायला जीव होईना. काहून? शेवटी तो या पानाच्या डोक्यावर लिहिला, फोल्डरला साधं इंग्रजी नाव दिलं, सेटिंगमध्ये नवा पत्ता भरला. आता फक्त बटण दाबायचं. नाही चाललं तर पुन्हा पाहीन, पण आज उठणार नाही.

बोट ठेवलं, तेवढ्यात खालून घरमालकीण काकूंची हाक: "अरे पोरा, राळेगावच्या गाडीनं तुहे बाबा आले!"

म्हटलं, वरच पाठवा.