ओठांसाठी रकाना नाही

६ जून १९९१
प्रमिला पास. सत्तेचाळीस टक्के! सहाव्या वर्षी तापात दोन्ही कान गेलेली मुलगी, साध्या वर्गात बसून दहावी झाली. आमच्या शाळेच्या कर्णबधिर युनिटातली पहिलीच. हेडसरांनी पेढा दिला. तो अर्धाच खाल्ला. पुढचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

८ जून
सायकलने प्रमिलाच्या घरी गेले, भडगावातच. जळगावच्या आयटीआयमध्ये कटिंग-शिलाईला अपंगांची एक जागा आहे. फॉर्मची शेवटची तारीख ५ जुलै. सोबत जळगावच्या सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, निदान चाळीस टक्के. ते फक्त बुधवारी देतात.

हिलालभाऊ, तिचे वडील, सुपारी कातरत म्हणाले, "जागा भेटनी तं शिकू द्या. नही तं सावदानं स्थळ शे." स्थळ म्हणजे बिजवर, केळीवाला, दोन मुलं. प्रमिला सतरा वर्षांची आहे.

निघताना दवाखान्याबद्दल हळूच म्हणाले, "बाई, तठे तिले बोलू नका देऊ. गप बठाले सांगा."

मी म्हणाले, खोटं कशाला? तिला खरोखरच ऐकू येत नाही. आहे तेच दिसेल.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नव्हते, नानांनीच, माझ्या वडिलांनी, घरी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. येत असेल ते सांगायचं, येत नसेल तर येत नाही म्हणायचं. प्रमिलालाही मी तेच सांगितलं. आरशासमोर बसवून, सावकाश.

तिची आई झुंबरबाई हसत होती. "आमना घरमा ती एकलीच समोरनानं तोंड देखस. बाकी बठ्ठा भिताडशी बोलतस."

१२ जून, बुधवार
लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

दवाखान्यात कान तपासायचं मशीन बंद होतं. डॉक्टर तिच्या अगदी समोर बसले. नाव काय? गाव कोणतं? घरी कोण कोण? ती त्यांच्या ओठांकडे बघत होती आणि एकेक उत्तर देत होती. "भडगाव"मधला भ सुद्धा स्वच्छ. डॉक्टर मला म्हणाले, "अहो, ही तर तुमच्यापेक्षा नीट बोलते."

आणि मला आनंद झाला. हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. त्या क्षणी मला फक्त आनंद झाला.

भानावर आले तेव्हा ते लिहीत होते. म्हटलं, साहेब, एकदा पाठीमागून विचारून बघा. त्यांनी तिच्या मानेजवळ टाळी वाजवली. मानेवर वारा लागला, तिने वळून पाहिलं. "बघा, येतंय की ऐकू."

तीस टक्के.

एस. टी.त हिलालभाऊ दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. प्रमिला मला सारखी विचारत होती, "बरोबर सांगितलं ना?" मी हो म्हणाले. बरोबरच तर सांगितलं होतं.

१३ जून
काही नाही.

१५ जून
हेडसर म्हणाले, "पुन्हा न्या. त्या दिवशी तिचा घसा बसलेला असू द्या." हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तुम्ही युनिटच्या बाई आहात. बोलता येत नाही, असं पत्र तुम्हीच द्या."

पत्र लिहायला बसले. "सदर विद्यार्थिनीस बोलता येत नाही." फाडलं. एकट्या "क"ला सात महिने लागले होते. ती माझ्या गळ्याला हात लावायची, मग स्वतःच्या, मग आरशात बघायची. सात वर्षं आम्ही हेच केलं. एका ओळीत ते कसं पुसू?

शेवटी लिहिलं : कानाने ऐकू येत नाही, ओठ वाचून समजते व बोलते.

२६ जून, बुधवार
दवाखान्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने पत्र वाचलं. परत दिलं. "बाई, ऐकू येतं की येत नाही? ओठांसाठी रकाना नाही." डॉक्टर रजेवर. आता एकच बुधवार उरला.

बाहेर झुंबरबाई पायरीवर बसल्या होत्या. "सात वरीस आरसासमोर बसाडं तुम्ही. चांगलंच करं. पन आते त्येच आडं उनं." रागही नव्हता आवाजात. राग असता तर बरं वाटलं असतं.

२ जुलै
सावद्याची माणसं रविवारी येणार आहेत.

प्रमिला शाळेत आली. मी आरसा पुसत होते. समोर उभी राहिली आणि एकही अक्षर न गाळता म्हणाली, "बाई, उद्या मी काय करू?"

गप्प बस म्हणाले असते तर ती बसली असती. बोल म्हणाले असते तर बोलली असती. मी मान खाली घातली. माझं तोंड तिला दिसेना. तरी ती उभी राहिली. मग तिच्या चपला दारातून जाताना दिसल्या.

३ जुलै, बुधवार
मी गेले नाही. हेडसरांना डोकं दुखतंय सांगितलं. हे माझं पहिलं खोटं नसेल, पण मोजलेलं पहिलंच.

४ जुलै
हिलालभाऊ फॉर्म घेऊन आले, प्रमिला मागे. प्रमाणपत्र जोडलं होतं. मूकबधिर, नव्वद टक्के. "एक शबुद नही बोलनी," ते म्हणाले. "डॉक्टरनी चिमटा काढा, तरी नही." मी सही केली. सही वेगळीच आली.

प्रमिलाला म्हटलं, सरावाला हा आरसा घेऊन जा. तिने माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग कानाला हात लावला आणि नाही अशी मान हलवली. आरसा टेबलावरच राहिला.

१२ जुलै
जागा मिळाली. सावद्याला नकार कळवला. युनिटचा अहवाल भरायचा आहे : "विद्यार्थ्यांची प्रगती". हेडसर म्हणाले, प्रमिलाचं नाव सगळ्यात वर लिहा.

अजून लिहिलं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
बाजारात झुंबरबाई भेटल्या. प्रमिला रमली का, विचारलं. म्हणाल्या, "शिलाई चांगली करस. रविवारे घर येस. पन बाई, आते ती आमनं तोंड देखत नही."