चाळीसांतला एक आवाज

हार्नेसांद, गुरुवार, १० फेब्रुवारी १९८३

ती. गुनवोर मावशीस स्टफानचा नमस्कार.

माझं आयुष्य ११ जानेवारीला दुपारी सव्वाचार वाजता, ग्रंथालयात रेकॉर्ड देतात त्या खिडकीपाशी बदललं. पण आधी तुझा गुडघा कसा आहे ते विचारायला हवं, म्हणून विचारतो. लूलेओची थंडी त्याला मानवत नसणारच. इकडे सगळे ठीक. आई माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे (कॉलेज मी सोडलं ते प्राध्यापकांनी माझ्या आकृतीला पोरकट म्हटलं म्हणून, खडू फेकला हे खरं, पण त्यांच्या दिशेने नाही). सध्या कागदगिरणीत गठ्ठे बांधतो.

तर त्या खिडकीपाशी इल्वा असते. तिच्याविषयी लिहीत नाही, कागद पुरायचा नाही. महिनाभर मी रोज एक रेकॉर्ड नेत होतो आणि न ऐकता परत करत होतो. त्या दिवशी तिने आपणहून आपल्या चर्चच्या गायकवृंदाची रेकॉर्ड पुढे सरकवली (तोच, ज्यात तू गेल्या वर्षी लूलेओला जाईपर्यंत वीस वर्षं गायलीस आणि ज्याच्या एकाही कार्यक्रमाला मी आलो नाही) आणि म्हणाली, "यात मीही आहे. शोधून दाखव."

घरी येऊन लावली. चाळीस माणसं, आणि सगळ्यांची मिळून एक गरम लापशी. बाबांच्या जुन्या स्टिरिओला दोनच बटणं, एक खर्जाचं आणि एक तार स्वरांचं. दोन्ही पिळून बघितली, लापशी कधी घट्ट, कधी पातळ. मग कळलं की इक्वलायझर नावाची पेटी मिळते, ती आवाजाचे भाग पाडते आणि प्रत्येक भागाला वर-खाली सरकणारी एकेक खुंटी देते. सुंड्सवालच्या मोठ्या दुकानात दहा खुंट्यांची पेटी होती, वर हिरवे दिवे नाचत होते, आणि किंमत माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी. विक्रेत्याने विचारलं, काय ऐकता? मी म्हणालो, एक मुलगी. तो हसला. त्यानंतर मी जे बोललो ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की टोपी आतच राहिली (तू विणलेली. गेली समज.)

शेवटी सिक्स्तेनकडे गेलो, तोच, तळघरात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्याकडे पाच खुंट्यांची वापरलेली जपानी पेटी होती, एका खुंटीचं टोक गायब, पण परवडणारी. पाच पुरतात म्हणाला, दहावाले दिवे बघायला घेतात. पण विकायच्या आधी त्याने स्पीकर कुठे ठेवलेत ते विचारलं. कोपऱ्यात, मी म्हणालो. "मग पहिला इक्वलायझर फुकट आहे. ते कोपऱ्यातून काढ आणि खाली गालिचा टाक." मी चिडून घरी गेलो, तसं केलं, निम्मी लापशी निवळली, आणि राग गिळून परत आलो. पेटी देताना तो म्हणाला, "हवं ते वर ढकलू नकोस, पोरा. नको ते खाली ओढ. तापट माणसं सगळं वर ढकलतात आणि मग म्हणतात, यंत्र ओरडतं."

मावशी, मी सगळं वर ढकललं. यंत्र ओरडलं. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने उत्तर आलं. मग एकेक खुंटी खाली ओढत गेलो. ऑर्गन दूर गेला, पुरुष जणू बाकांवर बसले, आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कोणीतरी श्वास घेतला. एकाच माणसाचा श्वास, माझ्या खोलीत. त्यामागून आवाज आला. मोठा नाही, गोडही म्हणता येणार नाही, काठाला जरा खरखरीत. पण अंधाऱ्या जिन्यात कठड्यावर हात ठेवून उतरावं तसे बाकीचे एकोणचाळीस त्याच्या आधाराने उतरत होते. मी गालिच्यावर बसून राहिलो. रविवार होता, तेवढंच मी बावीस वेळा ऐकलं, आणि जेवायचं राहिलं हे आईने सांगितल्यावर कळलं. सोमवारी खिडकी उघडायच्या आधीच तिथे उभा होतो.

पुढचं इथे लिहायला धीर होत नाही, खाली लिहितो.

तुझा,
स्टफान

ता. क. इल्वाने सगळं ऐकून विचारलं, खरखरीत काठ? आणि तिसऱ्या कडव्याआधी श्वास? "अरे वेड्या, ती गुनवोर. मी तिच्याच शेजारी उभी होते. माझा घसा बसला होता, मी नुसते ओठ हलवले. म्हणून तर म्हटलं, शोधून दाखव." वीस वर्षं तू आमच्याकडे भांडी घासताना गायलीस आणि मी रेडिओ मोठा करत आलो. याची माफी कशी मागतात मला माहीत नाही.

ता. क. २. खरं काम हे. इल्वा म्हणते, एवढा खटाटोप कशाला, गुरुवारी सात वाजता सरावाला यायचं होतंस. वरच्या पट्टीत गाणारे पुरुष दोनच उरलेत; एक अठ्ठ्याहत्तरचा, दुसरा बर्फावर मासे धरायला जातो. तर गायकवृंद चालवणाऱ्या बाईंना फोन करून सांग की मला गाता येतं. येत नाही, ते तुला माहीत आहे.

ता. क. ३. फोन करू नकोस. मी मागच्या रांगेत उभा राहीन, सगळ्या खुंट्या खाली ओढून. त्यापेक्षा तो श्वास कसा घ्यायचा तेवढं लिही. पावणेसात झाले, पाकीट वाटेत टपालपेटीत टाकतो. रेकॉर्ड चालू आहे, तिसऱ्या कडव्यासाठी थांबलो होतो. घेतलास तू श्वास. निघालो. दार ओढून घेतो.