आमच्या गावचे आहेत

शनिवार, १८ जानेवारी

ऑफिसची फॅमिली ट्रिप. पार उत्तरेला, डोंगराखाली, तलावाकाठचा मरीन पार्क — दुबईहून अडीच तास बस. मी, माझा मुलगा तहा आणि व्हिजिटवर आलेले अब्बा, म्हणजे तहाचे नाना.

सील बघून सगळे कासवांच्या कुंडाशी आलो. एक कासव एका अंगावर कलून तरंगत होतं. अब्बांनी चाळीस वर्षं जयगडला मासेमारी केलेली. म्हणाले, ह्याच्या पोटात प्लास्टिक गेलंय, बुडी मारता येत नाहीये. मी थांबवायच्या आत लेंगा वर खोचून कठड्यावरून आत उतरलेसुद्धा! शिट्ट्या वाजल्या, गार्ड धावला. सगळं ऑफिस बघतंय आणि अब्बा गुडघाभर पाण्यात, कासवाला धरून, गार्डला हिंदीत समजावतायत.

अनुपमा मॅडमनी विचारलं, हे कोणाबरोबर आलेत? माझं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे.

मी म्हणाले, "आमच्या गावचे आहेत. ओळखीचे."

अब्बा चार पावलांवर होते.

परतताना ते माझ्या शेजारी बसले नाहीत. मागच्या सीटवर गेले. अर्ध्या वाटेत बाटली घेऊन पुढे आले —

"मॅडम, पाणी हवंय?"

टोमणा नव्हता. मला सांभाळून घेत होते.

रविवार, १९ जानेवारी

माफी मागायची म्हणून तीनदा त्यांच्या खोलीत गेले. तीनदा चहा देऊन आले.

सोमवार, २० जानेवारी

शेवटी विचारलं, अब्बा, रागावलात का? म्हणाले, तुझी नोकरी आहे, मी काय, दोन दिवसांनी जाणार. मग तहाचा तुटलेला सँडल शिवायला सुई मागितली.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, २२ जानेवारी

अब्बा गेले. एअरपोर्टवर फक्त 'पोचल्यावर फोन करा' एवढंच बोलता आलं. माझी स्वतःचीच मला किळस येते.

गुरुवार, २३ जानेवारी

पार्कमधून ऑफिसला फोन आला. डॉक्टरांनी तपासलं — कासवाच्या पोटातून पिशवी निघाली. आता खातंय. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कळवा म्हणाले. मीटिंगमध्ये मॅडमनी हे सगळ्यांना सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या!

उद्या सांगणार. प्रमोशन खलास झालं तरी चालेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळीच केबिनमध्ये गेले. "मॅडम, ते माझे अब्बा होते."

त्यांनी लॅपटॉप बंद केला. म्हणाल्या, "माहीत आहे, इन्शा. आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे. तुझा तहा दिवसभर त्यांना नाना म्हणत होता."