तुझी राहिलेली साक्ष

प्रिय आई,

सलाम. काल प्रमिलामावशी घरी आली होती. येत्या रविवारी चर्चमध्ये महिलांची उपासना आहे. त्या दिवशी नोकरी करणारी आई म्हणून तू मंडळीसमोर उभी राहून तुझ्या विश्वासाची साक्ष देणार होतीस. तू गेलीस त्याला अडीच महिने झाले, तरी तिने तुझं नाव यादीतून काढलेलं नाही. म्हणाली, "तिने लिहून ठेवलीय, बायबलमध्ये बघ. आणि रविवारी तूच वाचून दाखव बाबा, तिचं अक्षर आम्हाला कुठे लागतंय?"

मिळाली. तुमच्या कंपनीच्या पॅकिंग स्लिपांच्या मागे, तीन पानं. मी चार वेळा वाचली. मला काही सुचत नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

मला वाटलं होतं, तू देवाचे आभार मानले असशील. तू तर स्वतःच्या चुकाच मांडून बसलीस! गुडघ्यावर प्रार्थना करताना तुला झोप लागायची, हेसुद्धा लिहिलंस. आई, ते आम्हाला माहीत होतं गं. ताई तुझ्यावर चादर टाकायची आणि तुझ्या वतीने हळूच 'आमेन' म्हणायची. हे मंडळीला सांगायची काय गरज?

तिसऱ्या पानावर मी आहे. "माझा आशिष दहावीला गणितात नापास झाला, कारण मी डबल ड्युटी करत होते, घरी नव्हते. मी मंडळीला प्रार्थना करायला सांगितलं. देवाला सांगितलं. त्याला मात्र कधी विचारलं नाही, की बाळा, काय झालं?"

ती चिठ्ठी आठवते का तुला? तू प्रार्थनेच्या पेटीत टाकलीस आणि पाळकसाहेबांनी माइकवर वाचली. "नापास झालेल्या आशिषला प्रभूने बुद्धी द्यावी." सगळे डोळे मिटून उभे, मी एकटा डोळे उघडे ठेवून. बाहेर चपला शोधताना माझ्याच वर्गातला रॉबिन म्हणाला, "काय रे, आता देव येऊन तुझी गणितं सोडवणार का?"

त्यानंतर मी चर्चला आलो नाही. परीक्षेलाही परत बसलो नाही. दर रविवारी तू दारात साडीच्या निऱ्या नीट करत विचारायचीस, "येतोस?" मी म्हणायचो, "काम आहे." सात वर्षं! तुला वाटायचं, माझा विश्वास गेला. मला तर लाज वाटत होती. की ते दोन्ही एकच असतं? अजून कळत नाही.

काय झालं ते आता सांगतो. मला पेपर येत होता, आई. पहिलं गणित सोडवलं आणि तपासलं. पुन्हा तपासलं. दुसरं सोडवून परत पहिल्यावर आलो. घंटा झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा होता. आता त्याच सवयीमुळे उरणच्या गोदामात साहेब माझ्यावर खूश असतात, लेबल चुकत नाही म्हणून. तुझी डबल ड्युटी यात कुठेच नव्हती.

मग सात वर्षं तू चुकीच्या कारणासाठी देवाची माफी मागत होतीस का? अशी प्रार्थना पोचते का? कोणाला विचारू?

तू का नाही विचारलंस गं? समोरासमोर बसून जेवायचो आपण! आणि मी तरी का नाही सांगितलं?

आज मावशीकडे जाऊन मी म्हटलं, "माझ्याबद्दलचं सोडून वाचलं तर चालेल?"

"चालेल की. तिने ती चिठ्ठी टाकली तेव्हा तुला विचारलं नव्हतं, आता तू तिला विचारू नकोस." मग चहाचा कप ठेवत म्हणाली, "पण मग ती तिची साक्ष राहणार नाही, एवढंच."

रविवारी मी येईन. तिन्ही पानं वाचेन, झोपेचंसुद्धा. 'काय झालं?' इथे थांबेन आणि तुला माइकवरच उत्तर देईन. मग जागेवर जाऊन बसेन. नीट वाचलं की नाही, ते कोणालाही विचारणार नाही, आणि ते कागद परत उघडून तपासणार नाही.

तुझा,
आशिष
कोपरखैरणे