मामाच्या घरचे दोन महिने

१६ एप्रिल

उलटी झाली. दोनदा. तीन किलोमीटरात!

जिनिंगमध्ये मी कापसाचं गाठोडं पाठीवर घेतो, मले वाटलं धावणं म्हणजे काय मोठं. बुधरी पुढं गेली, वळून आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली अन् पुन्हा पुढं. मी झाडाले धरून ओकून राह्यलो. ती म्हणे, आंबिल जास्त झाली का. हासली नाई. हासली असती त बरं झालं असतं.

आज पहिला दिवस. साठ भरायचे आहेत. गुजरातची जिनिंग दसऱ्यापर्यंत बंद. दरसाल उन्हाळ्यात मी दुसरीकडं कुठी तरी जातो — हैद्राबादची हॉटेल झाली, विटाभट्टी झाली. यंदा मायनं सरळ एटापल्लीची बस दाखवली. तिच्या भावाच्या घरी. कोलूमामाची पोरगी बुधरी — आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क पहिला. पण पोरानं आधी तिच्या घरी राहून काम करून दाखवावं लागते. मामानं काल आल्याबरोबर, पाणी द्यायच्या आधी सांगितलं, “हक्क तुझा आहे. पण हक्कानं पोरगी भेटत नाई. दोन महिने राह्य. मंधात गेला त मंग येऊ नको.”

मी कोणत्याच जागी मन लावून दोन महिने राह्यलो नाई. हे मामाले कोणं सांगितलं? मायनंच असन!

१७ एप्रिल

पाय उचलत नाई. ढोरं सोडायले गेलो त ढोरं पुढं, मी मागं. एक गाय थांबून पाहे.

२२ एप्रिल

आज न थांबता तीन किलोमीटर!! सोळा मिनिटं. बुधरीले साडेबारा लागतात. तिले वनरक्षक व्हायचं आहे. जूनमध्ये चंद्रपूरले परीक्षा — पोरींना तीन किलोमीटर धावणं अन् चार तासात सोळा किलोमीटर चालणं. लेखी पास झाली आहे. बारावी झाली ती. मी सातवीत आश्रमशाळेतून पळून आलो, त्याच्यानंतर पहिल्यांदा वही घेतली हे. घेतली टाइम लिवायले. लिवून काय राह्यलो पाहा!

मामा माडियात बोलते. मी कुरखेड्याकडचा, मले अर्धं समजते. बाकी अर्धं बुधरी सांगते, पण माझ्याबद्दलचं असलं त गाळते.

२७ एप्रिल

आज अस्वल दिसलं! नाल्याच्या वळणावर, मोहाच्या बुडाशी. आम्ही दोघं धावत होतो, मी पुढं — आता मी कधी कधी पुढं असतो! बुधरीनं मागून शर्ट धरला अन् एवढंच म्हणे, “धावू नको. बोलत राह्य.” काय बोलू? मी जिनिंगच्या मशीनचे भाग सांगू लागलो, मोठ्यानं — रोलर, बेल्ट, हौद, प्रेस. अस्वलानं ऐकून घेतलं अन् निघून गेलं. मंग आम्ही नाल्याच्या डोहात कपड्यासकट पडलो. हासून हासून पोट दुखलं. घरी मामीले सांगितलं त मंगलीमामी म्हणे, अस्वलाले कंटाळा आला असन.

एवढं हासलो नाई दोन वर्षात. खरंच.

१ मे

टेकडीवर चढलं तवा फोनले रेंज येते. दिनेशचे सात मिस्ड कॉल. दिनेश म्हणजे जिनिंगचा जोडीदार, एका खोलीत राहतो आम्ही. तेलंगणात पुलाचं काम निघालं म्हणे, राहणं खाणं ठेकेदाराचं, लवकर ये. मी म्हटलं, पंधरा जूनच्या आधी नाई. तो म्हणे, तोवर जागा धरून ठेवतो, पण पक्कं सांग. पक्कं म्हटलं.

फोन ठेवल्यावर अंगात ती खाज सुटली. बस, रेल्वेचा डब्बा, नवं गाव. जागेवर बसवेना. टेकडीवरून खाली धावलो ते घर सोडून पुढं रस्त्याले लागलो. नऊ किलोमीटर! परत आलो तवा खाज गेली होती. हे औषध कोणी आधी काऊन नाई सांगितलं?

६ मे

तेंदूपत्ता सुरू. उजाडायच्या आधी जंगलात, उन्ह चढलं की घरी, मंग दिवसभर पुडे बांधणं. सत्तर पानांचा एक पुडा. मामी बोलता बोलता बांधते, पाहत पण नाई. माझ्या पुड्यात कधी पासष्ट, कधी त्र्याहत्तर. मामी म्हणे, तुले धावता येते ना, मग तू पानं मोजू नको, पानाच्या मागं धाव.

धावणं आता संध्याकाळी. बोटं पानाच्या चिकानं काळी, पाय धुळीनं लाल.

११ मे

सोळा किलोमीटर चालायची प्रॅक्टिस. नियम — धावायचं नाई, चालायचं. मामा म्हणाला, मी पण येतो, सासऱ्याच्या गावापर्यंत काम आहे. लुंगी, रबराची चप्पल, खांद्यावर टंग्या, म्हणजे कुऱ्हाड. बुधरीनं बूट बांधले, घड्याळ लावलं, पाण्याची बाटली घेतली. मी दोन बाटल्या घेतल्या.

पहिल्या चढावर मामा दिसेनासा झाला. आम्ही पोहोचलो — दोन तास पंचेचाळीस — तर मामा झाडाखाली बसून तिसरी बिडी ओढून राह्यला होता अन् काम पण करून झालं होतं. म्हणे, वाटंत काई झालं का?

बुधरी घरी येईपर्यंत बापाशी बोलली नाई!

१५ मे

काय करून बसलो मी.

सकाळ एवढी चांगली होती. बुधरी म्हणे एकदा तीस करू, मंग सोळा लहान वाटन. मामाले पानं फळीवर, म्हणजे ठेकेदार पुडे घेते तिथं, न्यायची होती म्हणून आज सुट्टी दिली. पहाटे निघालो, एटापल्लीच्या रोडनं पंधरा जायचं, पंधरा यायचं. जाताना आम्ही गाणी म्हणत धावलो. खरंच गाणी! पंधराव्यावर चहा पिला, एकमेकाच्या डोक्यावर पाणी ओतलं. मले वाटलं मी आता नागपूरपर्यंत जाईन.

बाविसाव्यावर पाय गेले. उन्ह डोक्यावर. डोळ्यासमोर पिवळं पिवळं. बुधरीले म्हटलं तू हो पुढं, मी येतो. ती पाणी पाहायले पुढच्या हापशीवर गेली. मी एका आंब्याखाली बसलो. खाली पाडाचे आंबे पडलेले. एक खाल्ला. जीव आला. मंग दुसरा. मंग तिसरा. रस कोपरापर्यंत. मी एकटाच हासत होतो, एवढं गोड!

बुधरी बाटली भरून आली अन् जागच्या जागी उभी राह्यली.

इथं मरका पंडुम झाल्याशिवाय आंबा कोणी तोंडाले लावत नाई. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. आधी देवाले अन् पूर्वजाले, गावानं मिळून, मंग माणसानं. लहान लेकरू पण हात लावत नाई. आमच्या कुरखेड्याकडं आता कोण पाळते, बाजारात आला की खातो. मले माहीत होतं पण... ध्यानात नाई आलं. भुकेत काईच ध्यानात नाई आलं. अन् गावची पूजा करणारा गायता कोण? मामाच. पंडुम सहा दिवसावर.

मी म्हटलं, कोणी पाह्यलं नाई, सांगू नको. ती म्हणाली, “मी पाह्यलं ना. तू सांगतं का मी सांगू?”

उरलेले आठ किलोमीटर चालत आलो. ती पुढं, मी मागं. शर्टावर डाग आहे, धुतला तरी आहे. मामा फळीवरून यायचा आहे. येईल तवा सांगतो.

१६ मे

काल सांगितलं. मामानं ऐकलं. पानाचा रिकामा बोरा खाली ठेवला, हातपाय धुतले, जेवला. मंग म्हणाला, सकाळी गाव बसन.

सकाळी गाव बसलं, मोठ्या चिंचंखाली. सारं माडियात. मी मधात, मान खाली. लटारूबुवा सगळ्यात म्हातारा — तो बराच वेळ बोलला अन् त्याचा हात तीनदा बस थांबते तिकडं गेला. हे मले कोणी सांगायची गरज नव्हती. मामा गायता, पण घर त्याचं म्हणून त्याले बोलता येत नव्हतं. तो खाली बसून काडीनं माती उकरत होता. माझ्यामुळं त्याले तसं बसावं लागलं — हे सगळ्यात वाईट.

मंग मामी उठली. काय बोलली ते बुधरीनं मले मागून सांगितलं — पोरगं चोर असतं त बोललं नसतं, कोणी पाह्यलं नव्हतं, त्यानं स्वतःहून सांगितलं. “कोणी पाह्यलं नव्हतं” म्हणताना मामीनं बुधरीकडं पाह्यलं नाई, अन् बुधरीनं मामीकडं. खोटं बोलण्यात मी काई कमी नाई, पण ह्या दोघी!

ठरलं — पंडुमले एक कोंबडा माझ्याकडून. अन् सगळे उठून गेल्यावर मामा माझ्यापाशी आला.

“तुझे तीस दिवस गेले. आजपासून पयला.”

म्हणजे जुलैच्या पंधरापर्यंत! पुलाचं काम गेलं. मले राग यायले पायजे होता. मी वाट पाह्यली रागाची. आला नाई. संध्याकाळी धावायले गेलो त आपोआप हात वर झाले, बुधरी म्हणे पागल झाला का.

२१ मे

पंडुम. आंबे, मोहाची दारू, माझा कोंबडा. मामा डोक्याले फडकं बांधून वेगळाच माणूस दिसत होता. पूजा झाली, मंग मामानं एकेकाच्या हातात आंब्याची फोड ठेवली. सगळ्यात शेवटी माझ्या. तोवर मी हात पुढं करून उभा होतो, हात दुखला. खाल्ली. त्या दिवशीच्या तिन्ही आंब्यापेक्षा ही आंबट होती. मी साल पण चोखली.

ढोल सुरू झाला त लटारूबुवानं माझ्या कमरेत हात घातला अन् रेला नाचात ओढलं. सकाळी धावणं, आता नाच. बुवा माझ्यापेक्षा जास्त टिकला.

३ जून

दिनेशले टेकडीवरून फोन केला. नाई येत म्हटलं. तो म्हणे, पोरीसाठी? मी म्हटलं, हो. मंग म्हटलं, धावण्यासाठी पण. तो म्हणे, उन्ह लागलं तुले.

९ जून

चंद्रपूर! ऊर्जानगरात मुक्काम — बुधरीच्या होस्टेलची मैत्रीण दीपिका, तिच्या बाबाचं क्वार्टर. पंखा आहे, कूलर आहे, मामाले झोपच आली नाई थंडीनं.

काल धावणं झालं. तीन किलोमीटर, बारा मिनिटं दहा सेकंद!!! मी जाळीच्या बाहेरून ओरडत धावत होतो, एका पोलिसानं मले दोनदा बसवलं.

आज चालणं. सोळा किलोमीटर, डांबरी रोड, सकाळी सात वाजताच तव्यासारखा. नातेवाइकांनी रोडवर यायचं नाई. मी अन् मामा कडेच्या पाऊलवाटेनं. बुधरी मधात कुठी तरी, छातीवर नंबर. दहाव्या किलोमीटरले ती मागं पडू लागली. डांबरावर चालायची सवय नाई, टाच सोलली. मले दिसून राह्यलं अन् काई करता येईना. मोठ्यानं बोलू पण नाई.

मामा पाऊलवाटेनं पुढं निघाला, ती जिथून पाहू शकन तेवढंच पुढं, अन् त्याच्या नेहमीच्या चालीनं चालू लागला. लुंगी, चप्पल. बुधरीनं बापाकडं पाह्यलं. तिची मान वर झाली. मंग दोघं एका तालात — रोडवर ती, झुडपापलीकडं तो. शेवटच्या चौकीवर साहेबानं मामाले अडवलं, नंबर कुठी लावला काका? मामा म्हणे, माझा नंबर तिकडं चालून राह्यला.

दोन तास अडतीस! बुधरी बसली अन् रडली अन् हासली, तिन्ही एकदम. मी सगळं पाणी तिच्या टाचेवर ओतलं. प्यायले उरलं नाई.

१ जुलै

यादी लागली. नाव आहे. नाव आहे!! टेकडीवर मोबाइलमध्ये पाह्यलं, मीच वाचलं, बोट ठेवून ठेवून. खाली धावलो. मामीनं मोहाच्या टोपल्या खाली टाकल्या. मामा बैलाले पाणी पाजत होता, पाजून झाल्यावर आत आला.

ट्रेनिंग दूर आहे, सहा महिने. मंग नेमणूक कुठी ते माहीत नाई. जंगल कोणतं भेटन, सिरोंचा की कुठी. ती म्हणे, तू दरवर्षी जातं तवा आम्ही काई विचारतो का?

बरोबर आहे. माझे सत्तेचाळीस झाले.

५ जुलै

धानाच्या बांध्या तुंबल्या. चिखल करणं शिकून राह्यलो. नांगर सरळ जात नाई, मी पण नाई जात. सकाळी सहा किलोमीटर बुधरीसोबत, न बोलता. बोलायचं नाई म्हणून नाई. दम राखायचा असते.

८ जुलै

तिनं विचारलं, मी गेल्यावर तू जाशीन? मी म्हटलं, मामानं ठेवलं त राहीन. ती म्हणे, अन् नाई ठेवलं त? मी म्हटलं, मंग रोडच्या कडेनं राहीन. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली अन् धावत सुटली. पकडली! पहिल्यांदा!

११ जुलै

बुधरी सातच्या बसनं गेली. जाणारी ती, राहणारा मी. परत येताना मामा अर्ध्या वाटंत थांबला, बांधीकडं पाह्यलं अन् म्हणाला, “जावई, बैल जुप.”

तीन दिवस बाकी होते. मी सांगितलं नाई.