आतली कडी

संकेश्वर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. भावकू यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे आहोत. फोन केला की तुझी बायकोच उचलती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मधी ठेवती, म्हणून कागदावर लिहिते. तुझे दाजी बेळगावात बाजाराला येणार आहेत, त्यांच्या हातनं पाठवते. वाचून फाडून टाक.

परवा अनगोळला तुझ्या खोलीवर आले आणि डोकंच फिरलं माझं. फणसावरनं पडलास, मणक्याला मार बसला, कमरेखालचं गेलं. असल्या माणसाचं ताट कुणी स्वैपाकाच्या कट्ट्यावर ठेवतं व्हय, जाऊन घे म्हणून? तू त्या फळीवरनं घसरत खाटेवरनं चाकाच्या खुर्चीत गेलास, मधी तोल जाऊन लटकलास, आणि माधवी समोर चहा पीत बसलेली. मी उठले तर हात लावू नका म्हणाली. माझ्यादेखत तुझा पाय उडाला, मला लई बरं वाटलं. तर म्हणती, तो नुसता झटका हाय, त्यात काय न्हाय. नवऱ्याचा पाय हलल्यावर बाई असं बोलती का रं? तू बरा व्हावास असं तिच्या मनात न्हाय, मला तरी तसं दिसतंय.

आमच्याकडं चल. तुला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देणार न्हाय. माया हाय म्हणून बोलते, ती तुझ्याकडनंबी आटू देऊ नको.

तुझी,
आक्का

अनगोळ,
८ नोव्हेंबर

ती. आक्कास भावकूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, फाडलं. दाजींचं पोट सुटलंय, जरा त्यांच्या ताटाकडंबी बघ.

तू बघितलंस ते काहीच न्हाय. हिनं गॅस, कुकर, डबे सगळं माझ्या खुर्चीच्या उंचीला आणून ठेवलंय. चहा मीच करतो, अंघोळ माझी मी करतो, लघवीची नळीसुद्धा मीच घालतो. मणक्याच्या पेशंटांना सेंटरात शिकवतात ते घरी आलं की हिच्यापुढं परत करून दाखवायचं. पहिल्यांदा मला बरं वाटायचं. आता शंका येती. परवा निपाणीला भावाशी फोनवर बोलत होती, मागची खोली मोकळी करून ठेव म्हणत होती. माझी खुर्ची जवळ आली तशी गप्प झाली. आणि काल सुतार बोलावून दाराची आतली कडी खाली बसवून घेतली, माझ्या हाताला येईल अशी. ती घरात असताना मला कडी कशाला लागती?

आक्का, ती मला एकटं राहायला शिकवती आहे. मी शिकलो की जाईल. तिचं वय ते काय, तिला का अडवावं, असंही मनात येतं, आणि मग त्या कडीकडंच बघत बसतो. तू यातलं तिला काही बोलू नको.

सगळ्यांना नमस्कार, आठवण ठेव.

तुझा,
भावकू

अनगोळ,
१२ नोव्हेंबर

सौ. वन्संना माधवीचा नमस्कार, वि. वि.

काल फोनवर तुम्ही बोललात ते मी निमूट ऐकलं, कारण हे शेजारीच होते. कडीचं आणि मागच्या खोलीचं तुम्हाला कुणी सांगितलं तेही समजलं. आता मीही यांच्याकडे संशयानेच बघते. जोडी बरी जमली आमची.

गावच्या यात्रेला आपण यांना गुंजीला नेलं होतं. पाहुण्यांना भेटता यावं म्हणून दिवसभर मऊ गादीवर बसवलं. एकाच जागी दाब बसू नये म्हणून हातावर जोर देऊन बूड उचलायला गेले की कुणीतरी धावायचं, कशाला त्रास घेता म्हणून. बुडाची कातडी फुटली. ती भरेपर्यंत पालथे पडून होते आणि शिकलेलं निम्मं विसरले. सगळ्यांनी मायेनंच केलं. झटक्याचंही तसंच. पाय पहिल्यांदा उडाला तेव्हा मीही देवाला नारळ बोलले होते. डॉक्टरांनी समजावलं की पाय त्याच्या मनानं उडतोय, यांच्या मनानं नव्हे. तेव्हापासून मी त्याला भुलत नाही. मला कठोर म्हणा, चालेल.

आता निपाणीचं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तिला मागच्या खोलीत ठेवायचं आहे. मी शुक्रवारी जाणार. आधी सांगितलं असतं तर यांनी तुम्हाला बोलावलं असतं, आणि पुन्हा तीच गादी. म्हणून बोलले नाही. मी परत येणार का, हे फोनवर तुम्ही विचारलंत. यांनी विचारलेलं नाही. यांनी विचारावं, एवढंच मला वाटतं.

तुमचा राग माझ्यावर असू द्या, त्याची सवय झाली आहे.

तुमची,
माधवी

संकेश्वर,
१८ नोव्हेंबर

सौ. माधवीस आशीर्वाद.

आईचा डोळा कसा आहे ते कळव. काल रविवारी मी जीप घेऊनच अनगोळला गेले. मागं गादीसुद्धा टाकली होती. त्याला उचलून आणायचा बेत होता, लपवत न्हाय.

दार आतनं बंद. हाक मारली तर थांब म्हणाला. आत खुर्ची कशाला तरी धडकली, डबा पडला, मग काहीच ऐकू येईना. मी तुझ्या दाजींना दार फोडा म्हटलं. कधी न्हाय ते त्यांनी मला गप्प केलं. आणि कडी सरकली.

दारात भावकू, अंगभर पीठ. त्यानं मला आत बसवलं, चहा केला, मांडीवर ताट ठेवून त्यात कप आणला. त्याच्या हातचा चहा मी जन्मात पहिल्यांदा प्याले. धडधाकट होता तेव्हा पाणीसुद्धा जाग्यावर मागायचा. साखर कमी होती. माझ्या शुगरचं तूच त्याला सांगून ठेवलेलं असणार, म्हणजे मी येणार हेबी तुला ठाऊक होतं. तुझ्यावरचा माझा संशय काही गेलेला न्हाय.

गादी तशीच परत आणली. तू काय लिहिलंस ते त्याला सांगितलं. त्यानं माझा रिकामा कप मांडीवरच्या ताटात ठेवला. मग म्हणाला, येणार का असं नको, कधी येणार असं विचार. तू येईपर्यंत आता दार नुसतं लोटूनच ठेवणार म्हणतो, तुला बाहेर थांबायला लागू नये म्हणून.

उत्तर लगेच धाड, आणि या म्हातारीचं बोलणं मनात ठेवू नको.

तुझी,
वन्सं

निपाणी,
२० नोव्हेंबर

सौ. वन्संना नमस्कार, वि. वि.

आईला नीट दिसायला लागलं. पट्टी काढल्यावर तिला आधी माझे पांढरे केस दिसले.

सोमवारी दुपारच्या बसने मी घरी पोचते. यांना कळवा. आणि दार लोटून ठेवू नका म्हणावं, आतली कडी लावूनच बसायचं. मी दार वाजवीन. हे येऊन उघडेपर्यंत मला बाहेर उभं राहायचं आहे.

तुमची,
माधवी