दहाव्याला दार उघडू नकोस

अर्चना,

शहाऐंशी साली तुझे सासरे गेले, तेव्हा दहाव्याला तिघींनी मला धरून माझ्या बांगड्या फोडल्या. हिरव्या होत्या, त्यांनीच नगरहून आणलेल्या.

आज आपल्या दत्ताचा दहावा. तुझ्या बांगड्या फुटणार नाहीत, हे भावकीला सांगायला मी नदीवर पुढे निघाले आहे. तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. जाग आली की आधी आतून कडी घाल, मग चहा घे. टिकली काढू नकोस.

त्या तिघींतली एक वारली, दुसरी अंथरुणाला खिळली. तिसरी आपल्या शेजारच्या गयाबाई. काल म्हणाल्या, "रीत हाय ती. आमी न्हाई का सोसलं?" त्या आज बायकांना घेऊन येतील, गोड हाक मारतील. उघडू नकोस.

आई